उष्टा दाणा

सन दोन हजार चोवीस, वैशाख नुकताच लागलेला, आखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. दारव्ह्यापासून थोडं आत आमचा तांडा आहे. त्या दुपारी रामसिंगने मला केसुलीच्या तोंडाला बांधलं. केसुली म्हणजे घोडीचं पिल्लू, शिंगरू. माघात पळसाला पहिला रंग चढला तेव्हा जन्मली, म्हणून हे नाव. बंजारे पळसाच्या फुलाला केसुला म्हणतात. माझ्यात भिजवलेले हरभरे होते. आणखीही काही होतं. ते मला माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं.

मी तोबरा बोलतोय. हल्ली हे समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदाच सांगतो. घोड्याला दाणा चारायची पिशवी म्हणजे तोबरा. घोड्याचं तोंड आत घालायचं, पट्टा कानामागे अडकवायचा. घोडं उभ्या उभ्या खातं, दाणा सांडत नाही. घमेलं आलं, बादली आली, प्लास्टिकचं टोपलं आलं. मी राहिलो.

मला रामसिंगच्या आईने शिवलं, सुखीबाईने. तेव्हा रामसिंगला मिसरूड फुटत होतं. या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. ते दिवस सरले, शेती आली, तरी घरात जुन्या गोण्या होत्या. सुखीबाईने तसल्या एका गोणीचा चांगला तुकडा कापला. जाड दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. काठाला लाल-पिवळं भरतकाम केलं, मधे आरसे बसवले, खाली कवड्या लोंबवल्या. काम करताना ती बोलत नसे. झाल्यावर मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाली, "हे माह्यापेक्षा जास्त टिकन."

टिकलो. तळ बदलावा लागला, पट्टा बदलावा लागला. काठ मात्र तिच्याच हातचा.

घरात हे लोक गोरबोली बोलतात. बाहेरच्यांशी वऱ्हाडी. मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगतो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

रामसिंगचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. शेत आहे, पण जीव घोड्यांत. लग्नसराई लागली की दारव्ह्यात, आसपासच्या गावांत आमची घोडी जायची. मीही जायचो, खोगिराला बांधून. माणसं मी तिथे पाहिली. नवरदेव वर बसला की त्याचे पाय लटपटतात आणि तो हसत राहतो. त्याचा मामा पुढे नाचतो आणि मागे वळून वळून पाहतो, कोणी आपल्याला पाहतंय की नाही. घोडीकडे कोणी पाहत नाही. ती पाहण्यासारखं काही करत नाही म्हणून. बँड कानाशी वाजतो, फटाके पायाशी फुटतात आणि ती उभी असते. तेच तिचं काम.

या कामात लाखीसारखी घोडी मी दुसरी पाहिली नाही. रामसिंगने ती मुकुटबनहून आणली. पांढरी, कपाळावर थोडी राखी झाक. स्वभाव असा की लहान मूल पोटाखालून निघून गेलं तरी पाय उचलणार नाही. ती माझ्यात तोंड घाली तेव्हा एकदा लांब श्वास सोडी, मग खायला लागे. तो श्वास अजून माझ्या शिवणीत आहे असं मला वाटतं. तिला म्हातारपण आलं तसं रामसिंगने वरातीचं काम तिच्या लेकीवर टाकलं. लेकीचं नाव मैना. केसुली ही मैनेची.

आता आमच्या घरची रीत सांगतो. सगळं तिच्यावरच आहे.

शिंगरू दाणा खाण्याजोगं झालं की आखजीला त्याचा पहिला दाणा असतो. आधी मला घरातल्या थोर घोडीच्या तोंडाला बांधायचं. तिने अर्धा दाणा खाल्ला की काढायचं आणि झटकल्याशिवाय, धुतल्याशिवाय तसंच शिंगराला बांधायचं. थोर घोडीचं उष्टं खाल्लं की शिंगरू बँडला भीत नाही, गर्दीत उधळत नाही, अशी समजूत. मला एरवीही धुवायचं नाही. धुतलं तर घोडीचा शांतपणा पाण्याबरोबर वाहून जातो म्हणत. लाखी आली तेव्हापासून थोर घोडी तीच. तिचं उष्टं मीच पोहोचवलं. मला त्याचा अभिमान होता. कवड्या वाजवत जात असे मी एका तोंडाहून दुसऱ्या तोंडाला.

मैना लहान असताना तिच्या गळ्याखाली गाठ आली होती. दात येताहेत म्हणाले. गाठ फुटली, मैना बरी झाली, सगळे विसरले.

मग दोन हजार बावीसचा उन्हाळा आला.

पलीकडच्या गावात भगवानराव राहतात. कुणबी शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन. घोडीची हौस भारी. ढाणकीकडून एक लाल घोडी आणली होती, पाखरी. रामसिंगची आणि त्यांची दोस्ती अशी की आठवड्याच्या बाजारात एक दिसला की दुसरा मागे असणारच. त्या वर्षी एका मांडवात दोन भावांची लग्नं निघाली आणि दोन घोड्या हव्या झाल्या. भगवानरावांनी पाखरी आमच्याकडे आणून बांधली. लग्न लागलं, पाखरी परत गेली.

तेव्हा मैनेचं पहिलं शिंगरू होतं, सावळ्या. त्याचा पहिला दाणा नुकताच झाला होता. पाखरी गेली आणि सावळ्या पडला. नाकातून पू, गळ्याखाली दगडासारखी सूज. दूध ओढायचा तर नाकातून परत यायचं. श्वास अडकून गेला.

रामसिंग रडायला कधी शिकलाच नाही. त्याने भगवानरावांना बोलावणं पाठवलं. पूनमसिंग नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या दारात लिंबाखाली सगळे बसले. मी रामसिंगच्या खांद्यावर होतो.

"भगवानराव, तुही घोडी आली अन् माह्यं शिंगरू गेलं," रामसिंग म्हणाला.

"माह्या घोडीले साधा शेंबूड नाही, रामसिंगभाऊ."

"रोग बाहेरून येते. माह्या घरात पैदा नाही होत."

"मंग मी काय रोग पिशवीत घालून आनला?"

"आनला नसन. आला तुह्याबरोबर."

पूनमसिंग म्हणाला, "अरे, एका ताटात जेवनारे मानसं तुम्ही. कायले तोंड लावून राह्यले एकमेकाले?"

भगवानराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "नाईक, तुम्ही काही बोलू नोका. याच्या मनात बसलं ना, का माह्या घोडीच्या पायानं याचं शिंगरू गेलं? मंग माह्यं घेऊन टाक, रामसिंगभाऊ. शिंगराले शिंगरू. बात खतम."

दुसऱ्या दिवशी ते पाखरीचं शिंगरू घेऊन आले. भुऱ्या त्याचं नाव. भगवानरावांच्या बायकोने, इंदूबाईंनी, त्याला गुळाचे खडे चारून वाढवलेलं. भगवानरावांनी त्याला आमच्या खुंट्याला बांधलं. रामसिंगच्या बायकोने, मानीबाईने, पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात जोडले आणि पाणी न घेता निघून गेले. आमच्या मुलखात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

रामसिंग कडक आहे, पण दारात आलेल्या जनावराला परकं मानत नाही. "आता हे घरचं," म्हणाला आणि भुऱ्यालाही लाखीचं उष्टं दिलं. मीच दिलं. भुऱ्याच्या तोंडाला गुळाचा वास होता. खाताना तो मधेच थांबून बाहेर बघायचा, कोणाची तरी चाहूल घेत असल्यासारखा.

थोड्याच दिवसांत त्याच्याही गळ्याखाली गाठ आली. दारव्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा वर्षा नावाची डॉक्टरीण नवीन आली होती, दुसऱ्या तांड्यावरची मुलगी. तिने गाठ कापली, थोडा पू बाटलीत घेतला, सुया दिल्या. बोलावणं उशिरा गेलं होतं. भुऱ्या वाचला नाही.

"पाहा," रामसिंग सगळ्यांना म्हणाला, "आईच्या पोटातूनच घेऊन आलतं."

लोकांना पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यानंतर पाखरीला वरातीला कोणी बोलावलं नाही. भगवानराव तांड्यावर आले नाहीत. बाजारात समोरासमोर आले तर एक जण मिरच्या पाहायला लागे, दुसरा दोरखंड.

मी खुंटीवर होतो. मला जीभ नाही.

आणि मग ही आखजी. लाखीने अर्धे हरभरे खाल्ले. मला केसुलीला बांधलं. तिने आधी माझ्या कवड्या चावून पाहिल्या. मानीबाई हसली. "दागिना नोको खाऊ वं, दाना खाय!" मग केसुलीने तोंड आत घातलं आणि शिंकली. इतका हलका श्वास मी कधी धरला नव्हता.

आठवडा उलटला आणि तिचं नाक वाहू लागलं. मग गळा सुजला. मग ती मैनेच्या कासेला तोंड लावायची आणि सोडून द्यायची. दूध हनुवटीवरून खाली सांडायचं.

या खेपेला पाखरी आली नव्हती. कोणाचीच घोडी आली नव्हती. रामसिंगचा मुलगा जीवन गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आता कोनाले धरान, बा?"

 रामसिंगने घोंगडी उचलून केसुलीच्या अंगावर टाकली.

"दुपारच्या उन्हात घोंगडी कायले?" मानीबाई म्हणाली.

"कापून राह्यली ते."

"कापून राह्यली तर डॉक्टरनीले बोलवा."

"माह्या तबेल्यात मी पाहीन."

"तुम्ही दोन पाह्यले. मातीत घातले." मानीबाईने पदर कमरेला खोचला. "जीवन, गाडी काढ. मी जाऊन येते."

लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्याला न विचारता ती दारव्ह्याला गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्याने अडवलं नाही.

वर्षा डॉक्टरीण मानीबाईबरोबर जीवनच्याच गाडीत बसून आली. गोणपाट ओलं करून गोठ्याच्या दाराला लावायला सांगितलं. केसुलीची गाठ दाबून पाहिली. "पिकली नाही अजून. मीठ-पान्यानं शेका. चटका बसू देऊ नका." मग केसुलीच्या नाकात कापसाची लांब काडी फिरवून नळीत ठेवली. मैनेच्या नाकातली घेतली. लाखीच्याही.

"हिले काय झालं? हे ठणठणीत हाय," रामसिंग म्हणाला.

"म्हणूनच घेतली, काका. शिंगरानं काय काय खाल्लं?"

"मायचं दूध. अन् पहिला दाना."

"कशातून?"

मानीबाईने मला खुंटीवरून काढलं. डॉक्टरणीने मला फिरवून पाहिलं, काठाच्या आत, जिथे ओठ लागतात तिथे, कापसाची एक काडी घासली.

"तोबऱ्याले कायले घासून राह्यली? बिमार पोट्टी तिकडं हाय," रामसिंग कडाडला.

"बिमारी ज्याच्यातून गेली त्यालेबी विचारा लागते, काका."

मला कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

मानीबाई केसुलीपाशी बसली ती उठलीच नाही म्हणा. केसुलीचं डोकं मांडीवर घेई, फडकं गरम पाण्यात बुडवून पिळी, आधी आपल्या गालाला लावून पाही, मग तिच्या गळ्याला. तोंडाने काहीबाही पुटपुटे, लहान लेकरांना निजवताना म्हणतात तसं. केसुलीचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. रामसिंग दारात पाठ करून बसायचा. शिट्टी थांबली की वळून पाहायचा, पुन्हा सुरू झाली की तोंड फिरवायचा. गाठ पिकली तेव्हा डॉक्टरणीने ती कापली. पू निघाला. त्या संध्याकाळी केसुलीने मैनेच्या कासेला तोंड लावलं आणि सोडलं नाही. घुटका खाली उतरल्याचा आवाज आला. मानीबाई तेव्हा रडली. रामसिंग उठून विहिरीकडे गेला.

पाऊस पडून पेरण्या झाल्यावर डॉक्टरीण पुन्हा आली. सोबत मोठ्या शहरातल्या पशुवैद्यक कॉलेजातले दोघे होते, आणि एक बारीक दुर्बीण, लांब वळणाऱ्या नळीच्या टोकाला बसवलेली. लाखीला गुंगीचं औषध देऊन ती नळी तिच्या नाकातून आत घातली. घोड्याच्या घशात कानाच्या खाली दोन्हीकडे एक एक पोकळ पिशवी असते. लाखीच्या डाव्या पिशवीत वाळलेल्या पुवाचे गोळे होते. हरभऱ्याएवढे. बाहेर काढून ताटलीत ठेवले तेव्हा मानीबाईने डोळ्यांवर हात घेतला.

"दुखत नव्हतं इले?" तिने विचारलं.

"नाही, काकू. लहानपणी कधी तरी इले गाठ झाली असन. वरून बरी झाली, पन जंतू घशात घर करून राह्यला. घोडं खाते, पिते, चालते. कोनाले कळत नाही. नाकातून थोडा थोडा जंतू उतरत राह्यते."

त्यांनी लाखीचा घसा आतून धुतला, औषध सोडलं. तसं पुढेही दोनदा केलं.

पोळा झाला आणि डॉक्टरीण निकाल घेऊन आली. कागद नव्हता, किंवा असेल तर तिने काढला नाही. रामसिंगला वाचता येत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने सरपणातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक काडी उचलली आणि अंगणातल्या ओल्या मातीवर बसली.

"काका, हा जंतू डोळ्याले दिसत नाही. पन त्याच्या पोटात त्याच्या कुळाची खूण असते. यंत्र ते खूण वाचते. जिल्ह्यात कुठं कुठं शिंगरांले हे गाठ झाली, तिथले जंतू आम्ही गोळा करून राह्यलो. ढाणकीकडचे, मुकुटबनकडचे, इकडचे. सगळ्यायची जात एकच."

"जात एक, पन गोत येगळं," रामसिंग म्हणाला.

डॉक्टरणीने मान वर केली. "बरोबर. गोत येगळं." तिने मातीवर एक मोठी रेघ ओढली. "हे मुकुटबनचं गोत. लाखीच्या घशातला जंतू याच्यातला." त्या रेघेतून एक फांदी काढली. "हा केसुलीचा. लाखीच्याच जंतूची पैदास." फांदीवर बोट ठेवलं. "अन् तोबऱ्यावर होता तोबी हाच."

मी मानीबाईच्या हातात होतो. तिचा हात क्षणभर सैल झाला, पण तिने मला टाकलं नाही.

रामसिंगने बराच वेळ त्या रेघा पाहिल्या. मग विचारलं. त्याने न विचारता सोडलं असतं तरी चाललं असतं, कोणी बोट दाखवणार नव्हतं. तरी त्याने विचारलं.

"भुऱ्या?"

"भुऱ्याचा पू मी तेव्हाच कॉलेजात पाठवला होता, काका. तिथं बर्फात ठेवलेला होता. या खेपेले तोबी तपासला." तिने त्याच फांदीतून आणखी एक बारीक रेघ काढली. "लाखीच्याच घरातला."

"अन् पाखरी? तिच्यापासून लाखीले नसन लागला?"

"पाखरीचंबी नाक पाह्यलं. काहीच नाही निघालं. ते ढाणकीची. तिकडचं गोत हे इथं हाय." तिने हात लांबवून दूर, अंगणाच्या कडेला एक वेगळी रेघ ओढली. दोन्ही रेघांच्या मधे कोंबडी जाईल एवढी जागा होती. "पाखरी यायच्या आधीपासून हा जंतू लाखीच्या घशात होता."

मानीबाई हळूच म्हणाली, "मैनेले लहानपनी गाठ आलती. आपन दात म्हनलो."

 मी माझ्यापुरतं समजून गेलो. सावळ्या, भुऱ्या, केसुली. तिघांना मीच बांधला गेलो होतो. आशीर्वाद पोहोचवतो आहे असं समजून.

डॉक्टरणीने सांगितलं ते साधं होतं. प्रत्येक घोड्याचं भांडं वेगळं. नवं घोडं आलं तर आधी काही आठवडे दूर बांधायचं. उष्टं कोणाचं कोणाला द्यायचं नाही. "अन् हा तोबरा जाळा, नाहीतर चांगला उकळा."

"जाळून टाक," रामसिंग म्हणाला.

"सासूचा हात हाय याच्यावर," मानीबाई म्हणाली. "उकळीन मी."

डॉक्टरीण निघताना म्हणाली, "काका, कोनाच्या घरी काय निघालं, हे आम्ही कोनाले सांगत नाही. ते तुमचं."

ती गेल्यावर जीवनने बापाकडे पाहिलं. "बा, दोन वर्सं झाले. भगवानराव इसरले असतीन. अन् आपल्याशिवाय कोनाले मालूम हाय?"

"मले हाय," रामसिंग म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी चुलीवर पातेलं चढलं. मानीबाईने आधी सुई घेऊन माझ्या कवड्या एक एक उसवल्या, मग आरसे. सुखीबाईचा टाका घट्ट होता, सहजी सुटेना. मग मला उकळत्या पाण्यात सोडलं. लाल रंग गेला, पिवळा गेला. पाणी गढूळ झालं.  ज्या घरात तीन शिंगरांना गाठ आली तिथे एका पिशवीने आपल्या रंगासाठी ओरडावं असं मला वाटलं नाही. उन्हात वाळलो तेव्हा नुसतं राखाडी कापड राहिलं होतं आणि दुहेरी शिवण. शिवण टिकली.

मानीबाईने मला केसुलीच्या खुंट्याजवळ टांगलं. "हा आता हिचाच. दुसऱ्या तोंडाले नाही लागनार."

त्यानंतर आठवडे गेले. सोयाबीन निघालं. दसरा झाला. रामसिंग केसुलीला रोज खरारा करायचा, खूर पाहायचा, तिला दोर धरून चालायला शिकवायचा, पण भगवानरावांच्या गावाकडे वळला नाही. एकदा बाजारातून आला तेव्हा जीवन म्हणाला, "आज भगवानराव दिसले. तुम्ही मिरच्या पाहून राह्यलते." रामसिंगने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, म्हातारा विसरायचं ठरवून बसला. मीही त्याच घरातला. मला लाज वाटली.

मी चुकलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरीण आली. "काका, औषधानंतर तीनदा तपासलं. तीनही खेपेले काही नाही निघालं. लाखी साफ. केसुली साफ."

"पक्कं?"

"पक्कं. कागद देऊ?"

"कागद नोको. तोंडानं सांग."

"तुमच्या केसुलीपासून कोनत्याच घोड्याले धोका नाही."

रामसिंगने मान हलवली. तेव्हा मला कळलं तो कशासाठी थांबला होता. ज्या दारावर आपल्या घरच्या रोगाचा आळ घातला होता, त्या दारात त्याला खरोखरचा रोग न्यायचा नव्हता.

पाडव्याच्या सकाळी त्याने धोतर नेसलं, फेटा बांधला. केसुलीला दोर लावला. मानीबाईला काही सांगितलं नाही. तिलाही विचारायचं नव्हतं. तिने केसुलीच्या कपाळाला हळद लावली, गळ्याच्या व्रणावरून अंगठा फिरवला, मग मला खुंटीवरून काढून दोराला बांधलं.

"याच्याशिवाय खात नाही ते," एवढंच म्हणाली.

जीवन म्हणाला, "गाडीत टाकून नेतो, बा."

"पायी."

वाटेत कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या. केसुली प्रत्येक बांधापाशी थांबून वास घ्यायची, रामसिंग थांबायचा. एवढ्या धीराने तो माझ्यासमोर कोणासाठी थांबलेला मला आठवत नाही.

भगवानराव अंगणात सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होते. त्यांनी पाहिलं आणि हात थांबवला. इंदूबाई ओट्यावर आल्या.

"रामराम," रामसिंग म्हणाला.

"रामराम."

रामसिंग अंगणाच्या मधोमध उभा राहिला. शेजारच्या घरातूनही माणसं बाहेर आली होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला.

"भगवानराव, तुह्या घोडीनं रोग नव्हता आनला. माह्या लाखीच्या घशात होता. आधीपासून. सावळ्या त्यानं गेला. तुहा भुऱ्याबी त्यानंच गेला. माह्या घरी."

भगवानरावांनी ताडपत्री सोडली. बराच वेळ त्यांनी केसुलीकडे पाहिलं.

"लोक म्हनते मानीबाईनं शेकून जगवली, तेच ना हे?"

"हो."

"अन् हे तू मले आनून देऊन राह्यला?"

"शिंगराले शिंगरू. तूच म्हनलता."

"मी रागानं म्हनलतो, बाप्पा."

"मी घेतलतं ना पन."

इंदूबाई खाली उतरल्या. त्यांच्या मुठीत गुळाचा खडा होता. केसुलीने त्यांच्या हातावर एकदा फुंकर मारली आणि खडा उचलला. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता.

गोठ्यात पाखरी मान वर करून पाहत होती. तिच्या शेजारी एक खुंटा रिकामा होता, दोराने घासून गुळगुळीत झालेला. रामसिंगने केसुलीला तिथे नेऊन बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. मला सोडून खुंट्यावर अडकवलं.

"हा तोबरा हिचाच," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाच्या तोंडाले लावू नोको."

मग ओट्यावर बसला. भगवानरावांनी तांब्या पुढे केला. रामसिंग पाणी प्यायला, सगळं प्यायला आणि त्याने तांब्या त्यांच्या हातात दिला. भगवानराव त्याच तांब्यात पाणी घेऊन प्यायले.

देणं फिटलं.